उजव्या सोंडेची गोगलगाय

आमटीच्या वाटीत गोगलगायी होत्या. वाटीत आमटी नव्हती, पाणी होतं, पण वाटी आमटीची होती, माझ्या माहेरच्या सेटमधली. तिच्या आतल्या बाजूला त्या चिकटून बसल्या होत्या, बोराच्या बियांएवढ्या, तपकिरी. एक तर काठ ओलांडून ओट्यावर उतरली होती आणि तिच्यामागे चकचकीत ओला पट्टा उमटला होता, थेट पोळपाटापर्यंत. मी किंचाळले आणि मोरीत जाऊन ओकले.

"अगं, त्या वाटीला हात नको लावू," देवघरातून आवाज आला. "नमुने आहेत."

नमुने म्हणे! हे बोलणारे आमचे यजमान, वैजनाथराव. पंचायत समितीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर चिखलीचं घर सोडून आम्ही त्यांच्या गावी आलो, बीबी गावाच्या अलीकडे. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतं. कुणाला अर्ज लिहायचा असो, सत्यनारायण सांगायचा असो, की बोअरला पाणी कुठं लागेल ते विचारायचं असो, भाऊसाहेबांना सगळ्यातलं सगळं कळतं, असं गावाला वाटतं. त्यांना स्वतःला तर वाटतंच.

आमच्या घरात त्यांच्या आजोबांपासूनचा गणपती आहे, उजव्या सोंडेचा. उजव्या सोंडेचा गणपती कडक. त्याला सोवळं नेसल्याशिवाय हात लावायचा नाही, नैवेद्याच्या दिवशी घरात कांद्याचं नाव काढायचं नाही, ओल्या केसांनी मी देवघराच्या उंबऱ्याशी उभी राहिले तरी यांच्या कपाळावर आठी. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्या मूर्तीला बोट लावलेलं नाही. आणि त्याच घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर हा माणूस गोगलगायी पाळत होता. नावात गाय आणि अंगाला शेंबूड. मला त्यांची पहिल्यापासून किळस आहे, ती लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

हे सगळं सुरू झालं जहांआराच्या बकऱ्यांवरून.

जहांआरा आमच्या मागच्या गल्लीत राहते. तिचा नवरा शकूर गेल्यापासून बकऱ्यांवरच तिचं घर चालतं. तिच्या बकऱ्यांचं आणि माझं जुनं वैर. येता-जाता त्या माझी जास्वंद ओरबाडतात, आणि जास्वंद गणपतीची. मी झाडू घेऊन धावले की ती हसते. "भाभी, तुमच्या देवाले चालते, मंग माह्या नूरीले काऊन नाही?" नूरी म्हणजे तिची लंगडी बकरी. तिचा मागचा एक पाय लहानपणी मोटारसायकलखाली आलेला. कळपात सगळ्यात मागं लंगडत चालणार, आणि फुलं मात्र सगळ्यात आधी खाणार.

पोळा झाला आणि त्या बकऱ्या मरायला लागल्या. आधी खाणं सुटायचं, मग जबड्याखाली पाणी भरून पिशवी लोंबायची, आणि एका सकाळी बकरी उठायचीच नाही. जहांआरानं तालुक्याला फोन करून जनावरांच्या डॉक्टर बोलावल्या. हिमानी मॅडम. माझ्या भाचीच्या वयाची मुलगी, पायात गमबूट. तिनं तलावाच्या काठी बाभळीखाली मेलेली बकरी उघडली. सगळं गाव बघायला जमलं, त्यात मीही गेले. कशाला गेले देव जाणे.

मॅडमनी हातमोजे घालून कलेजी चिरली, तर आतल्या नळ्यांतून चपटे किडे बाहेर पडले. तपकिरी, पानासारखे, आणि अजून वळवळत होते. मला एकदम तुळशीचं पान आठवलं. मग कितीतरी दिवस तुळशीला पाणी घालताना तेच दिसायचं, आणि तुळशीकडे बघून असलं काही आठवतं म्हणून माझीच मला शिसारी यायची.

"हा किडा गोगलगायीच्या अंगात वाढतो," मॅडम म्हणाल्या. "तिथून काठच्या गवतावर येतो. बकरी ते गवत खाते, हे पाणी पिते, आणि तो तिच्या पोटात जातो. मी औषध पाजते, पण तेच पाणी परत पाजलं तर औषधाचा उपयोग नाही."

आमच्या गावाला जनावरांसाठी दोन पाणी. एक हा तलाव, वेशीबाहेर लांब. दुसरी खदान, रस्त्याच्या कामाला दगड काढून झालेला खड्डा, जहांआराच्या घराच्या जरा पुढे. दोन्हींत गोगलगायी. मॅडमनी सांगितलं, की अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन जाती आहेत. एकीत हा किडा वाढतो, दुसरीत नाही. ओळखायचं ते शंखावरून. त्यांनी काठावरचा एक रिकामा शंख उचलून, हवेत नुसतं बोट फिरवून दाखवलं. "शंखाचं टोक वर धरायचं, तोंड आपल्याकडं करायचं. तोंड उजव्या हाताला उघडत असेल तर ती वाईट. डाव्या हाताला असेल तर बिनधास्त राहा. ज्या पाण्यात वाईट सापडेल, तिथं बकरी न्यायची नाही. एवढं कुणी बघाल का?"

आता असं कुणी विचारलं आणि आमचे हे गप्प बसले, असं कधी झालंय?

"मी बघतो," हे पुढं झाले. "गणपतीसारखंच आहे की, मॅडम. उजव्या सोंडेचा कडक, डाव्या सोंडेचा सौम्य."

मॅडम हसल्या. "वा, काका! तसंच लक्षात ठेवा." तेवढ्यात त्यांना पुढच्या गावाहून फोन आला, तिथं म्हैस अडली होती. त्या जीपमध्ये बसून गेल्या.

म्हणून माझ्या ओट्यावर नमुने आले. दुसऱ्या दिवशी यांनी त्या उकळल्या, शंख साफ व्हावेत म्हणून. चहाचं जुनं पातेलं घेतलं, मला न विचारता. तो वास मी सांगू शकत नाही. गटार शिजवलं तर तसा येईल कदाचित. त्या दिवशी मी घरात जेवले नाही, आणि ते पातेलं उकिरड्यावर फेकलं तर हे म्हणाले, "धुतलं असतं की."

मग ओसरीवर पाट मांडून हे बसले. डोळ्याला चष्मा, हातात माझ्या शिवणाच्या डब्यातला चिमटा. समोर माणसं. एकेक शंख उचलायचा, टोक वर, तोंड स्वतःकडे, आणि पूजा सांगावी तशा आवाजात निकाल द्यायचा. "तलावातली. डावी. सौम्य. पुढची, तलावातली, डावी, सौम्य." मग खदानीतल्या घेतल्या. "उजवी. कडक. हीही उजवी." समोर बसलेल्या सगळ्यांना गणपतीची सोंड ठाऊक, त्यामुळे सगळ्यांना ते चटकन समजलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. शंख अष्टगंधाच्या दोन रिकाम्या डब्यांत गेले, एकीवर कडक, एकीवर सौम्य अशी चिठ्ठी.

खदानीला लागून रंगरावचं शेत आहे. त्यानं त्याच दुपारी खदानीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. रंगरावची स्वतःची गुरं घरच्या हौदावर पितात, त्याला काय फरक पडणार होता.

"भाऊसाहेब," जहांआरा म्हणाली, "माही नूरी तलावापर्यंत कशी चालंन?"

"एका बकरीसाठी कळप मारायचा का, बाई?" हे म्हणाले. "शास्त्र आहे हे."

ती बकऱ्या घेऊन तलावाकडे गेली. मग रोज जाऊ लागली.

दिवाळीपर्यंत बरं चाललं होतं. मॅडमच्या औषधानं बकऱ्यांनी खाणं धरलं. हे गावभर छाती काढून फिरले. मग संक्रांत जवळ आली आणि जबड्याखाली पुन्हा पिशव्या लोंबायला लागल्या. जहांआराची काळी शेळी गेली, तिचं करडू गेलं, दुधाच्या दोघी गेल्या. उरलेल्या दाराशी मान टाकून बसायच्या. माझी जास्वंद फुलांनी भरून गेली, आणि ती तशी भरलेली बघवेना.

पारावर माणसं जमली तेव्हा मी देवळातून परतत होते. रंगराव तंबाखू मळत बोलत होता. "तलाव तं भाऊसाहेबानं तपासून देल्ला. मंग रोग येते कुठून? हे बाई चोरून खदानीवर नेऊन राह्यली. उद्या माह्या गाईले लागंन, मंग?"

जहांआरा समोर उभी होती. "अल्लाकसम, नाही नेल्या."

"मंग काऊन मरून राह्यल्या?"

मी यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, हे म्हणतील की परत एकदा पाणी तपासू. हे घसा खाकरून म्हणाले, "मी शास्त्रोक्त पद्धतीनं निवाडा करून दिला होता. लोकांना शिस्त नसेल तर त्याला माझा इलाज नाही."

मग रंगरावनं सुचवलं, की उरलेला कळप खाटकाला देऊन टाकावा, गावात रोग नको, उद्या सकाळी सगळ्यांनी बसून काय ते ठरवावं. कुणी नाही म्हणालं नाही. एकजण तर पिचकारी टाकून हसला. मी तिथंच मोठ्यानं म्हणाले, "जहांआरा खोटं बोलणारी नाही. मी ओळखते तिला." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हे घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

संध्याकाळी जहांआरा मागच्या दारानं आली. तोंडाला पदर लावलेला.

"भाभी, मी झूट बोलली."

"काय?"

"नूरीले नेत होती खदानीवर. काट्यातून एवढीशी जागा करून. तिले तलावापर्यंत चालवत नाही, भाभी, अर्ध्या रस्त्यात बसून जाते. फक्त तिलेच नेली. बाकीच्या तलावावरच. तिनंच आणला असंन ना रोग? तिच्यापासून सगळ्याइले लागला. मीच मारल्या माह्या बकऱ्या."

मला संताप आला. मी चारचौघांत तिची बाजू घेतली आणि ही खोटं बोलली होती! जीभ शिवशिवत होती. पण बोलायच्या आधी मला मागच्या अंगणात काहीतरी ओरबाडल्याचा आवाज आला. नूरी जास्वंदीला भिडली होती. पोट टम्म, अंगावर तकाकी, जबड्याखाली काही नाही.

"हिला काय झालंय?" मी विचारलं.

"नूरीले? तिले काय होते. गाभण हाय ते. तिले तं काहीच..."

जहांआरा थांबली. आम्ही दोघी त्या बकरीकडे बघत राहिलो. खदानीचं पाणी पिणारी तेवढी एक, आणि धडधाकट तेवढी एक. ती निवांतपणे कळी चावत होती आणि मी झाडूला हात लावला नाही.

जहांआराला तिथंच बसवून मी आत गेले. हे सोवळ्यात, संध्याकाळची आरती आटपून निरांजन पुसत होते. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

"अहो, उजव्या सोंडेचा म्हणजे कुणाचा उजवा? त्याचा की आपला?"

"इतकी वर्षं या घरात काढलीस आणि हे विचारतेस?" यांना असे प्रश्न आवडतात. "मूर्तीचा उजवा. समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला. देवाकडं आपल्या बाजूनं बघायचं नसतं, त्याच्या बाजूनं बघायचं असतं."

मी कपाटातून अष्टगंधाच्या डब्या काढल्या. कडकची उघडली. शंख धुतलेले, वाळलेले, तरी तो वास होताच. मी एक शंख बोटांत धरला, जन्मात पहिल्यांदा. टोक वर. तोंड माझ्याकडं. तोंड उघडत होतं माझ्या डाव्या हाताला. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. मग तलावातले काढले, ज्यांच्यावर सौम्य लिहिलं होतं. ते सगळे माझ्या उजव्या हाताला उघडत होते.

मी यांच्यासमोरच हिमानी मॅडमना फोन लावला. "मॅडम, तुम्ही सांगितलेला उजवा हात कुणाचा? शंखाचा की बघणाऱ्याचा?"

"शंखाला कुठले हात, काकू?" पलीकडून हसण्याचा आवाज आला. "बघणाऱ्याचा."

फोन मोठ्या आवाजावर होता. निरांजन पुसायचं थांबलं. यांना समजावून सांगायची गरज नव्हती. या माणसानं जन्मभर देवाकडे देवाच्या बाजूनं बघितलं, आणि गोगलगायीकडेही तसंच बघितलं. डावी ती उजवी ठरवली, चांगलं पाणी काट्यांनी बंद केलं, आणि बकऱ्यांना रोज किडे पाजायला पाठवलं. चूक होते माणसाची. मला त्या वेळी यांची थोडी दयाच आली. सोवळ्यातले उघडे खांदे एकदम म्हातारे दिसले. वाटलं, आता हे उठतील आणि मागच्या अंगणात जातील. तिथं ती बाई आपल्याच हातानं आपल्या बकऱ्या मारल्या म्हणून रडत बसली होती.

हे उठले नाहीत. बसल्या जागीच म्हणाले, "उद्या मी सांगतो पारावर. मॅडमचा नवीन सल्ला आलाय म्हणून. पाणी बदललंय असं सांगू. उगाच चर्चा नको."

"आणि जहांआरा?"

"तिचं काय? तिला पाणी मिळाल्याशी कारण."

"तिला चोर म्हणालेत सगळे."

"लोक विसरतात गं." आणि परत निरांजन पुसायला लागले, शांतपणे, काजळीचा एक डाग नखानं खरवडत.

मला त्या नखाची किळस आली. त्या स्वच्छ सोवळ्याची आली. वाटीतल्या गोगलगायीची कधी आली नव्हती एवढी किळस मला माझ्या नवऱ्याची आली, आणि त्याच ओट्यापाशी उभं राहून मला त्यांच्यासाठी भाकरी थापायची होती. मी थापली नाही. सकाळचा भात होता, तो झाकून ठेवला.

सकाळी पारावर माणसं जमायच्या आधी मी तलावावर गेले. काठचा चिखल पायाला लागला, कुजलेल्या शेवाळाचा वास नाकात बसला. पाण्यातल्या एका दगडावर त्या चिकटल्या होत्या. चिमटा मी मुद्दाम घेतला नव्हता, कारण चिमट्यानं घेतली असती तर मला मागं फिरायला सबब मिळाली असती. मी डोळे मिटून हात घातला. ती दगड सोडेना. मग सुटली, आणि थंडगार, बुळबुळीत काहीतरी माझ्या तळहाताला चिकटलं. मला कोरडी ओकारी आली. मूठ मी उघडली नाही. तशीच पारापर्यंत चालत आले.

हे उभे राहून बोलत होते. रंगराव, बाकीची माणसं बसलेली. जहांआरा लांब, भिंतीला टेकून.

"तर मंडळी, कालच डॉक्टर मॅडमशी माझं बोलणं झालं. त्यांच्या नव्या सल्ल्यानुसार..."

"हात पुढं करा," मी म्हणाले.

हे बघतच राहिले. बायको पारावर आली, आणि मध्येच बोलली, त्याचाच त्यांना धक्का. मी त्यांचा हात धरला, तळवा वर केला आणि माझ्या मुठीतली गोगलगाय त्यावर ठेवली. माझ्या बोटांना आणि तिच्या अंगाला जोडणारी एक चिकट तार लांबली आणि तुटली. कुणीतरी "अगागा" म्हणालं.

"ही तलावातली आहे," मी म्हणाले. "आत्ता आणली. टोक वर धरा, तोंड तुमच्याकडं करा. सांगा सगळ्यांना."

त्यांना ती झटकून टाकता आली असती. सगळं गाव बघत होतं म्हणून टाकली नाही. दोन बोटांत धरून त्यांनी ती चष्म्यासमोर नेली.

"तोंड उजव्या हाताला आहे."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"म्हंजे?" रंगराव उठून उभा राहिला. "भाऊसाहेब, तलावातली तं डावी होती ना? सौम्य?"

हे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली नाही की डोळा मिटला नाही. शेवटी त्यांनी गोगलगाय परत तळव्यावर ठेवली.

"मॅडमनी आपला उजवा सांगितला होता. मी देवाचा धरला. माझं चुकलं. तलावच खराब आहे. खदान चांगली आहे." आवाज एवढा बारीक झाला, की मागचे पुढं सरकले. मग, मला वाटतं भरपाई म्हणून, ते मोठ्यानं म्हणाले, "जहांआराबाईवर आपण नाही तो आळ घेतला. त्या बाईनं माझा शब्द पाळला. खदानीवर एकही बकरी नेली नाही."

जहांआरा भिंतीपासून पुढं आली. तोंडावरचा पदर तिनं काढला होता.

"नेली होती, भाऊसाहेब," ती म्हणाली. "नूरीले. रोज नेली. तुमचं आयकलं नाही, तेवढीच जिती हाय."

रंगरावनं खाली बघत चपला पायात सरकवल्या. खदानीवरचे काटे त्यालाच काढायचे होते. यांच्या तळव्यावरची गोगलगाय मनगटाकडे निघाली होती, मागं ओला पट्टा सोडत, आणि ती काढून घ्यायला मी काही पुढं झाले नाही.